रुपया नेमका कुणापुढे पडला, आणि दुकानात विक्री खरंच वाढली का?

गेल्या काही आठवड्यांत तुमच्याकडून जे प्रश्न आले ते एकत्र वाचले तेव्हा लक्षात आलं की बहुतेक सगळे दोनच गोष्टींभोवती फिरतायत, एक म्हणजे दुकानातली विक्री आणि दुसरी म्हणजे रुपयाचा भाव. त्यामुळे या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून हे पाचच घेतलेत.

पुण्याहून एक वाचक विचारतात: ताई, मी दर महिन्याला एसआयपी भरतो त्यामुळे बातम्या बघायची सवय लागलीये. मध्ये एकदा ऐकलं की अमेरिकेत रिटेल सेल्स अपेक्षेपेक्षा चांगले आले म्हणून आपला रुपया घसरला. तिकडच्या माणसाने मॉलमध्ये जाऊन चार वस्तू जास्त घेतल्या तर आपला रुपया का पडावा?

साखळी थोडी लांब आहे पण कडी कडी धरून गेलात तर अवघड नाही. अमेरिकेच्या अर्थव्यवस्थेत लोकांच्या खर्चाचा वाटा दोन तृतीयांशाहून जास्त, म्हणजे लोक खर्च करतायत की हात आखडतायत यावर तिथलं जवळपास सगळंच ठरतं. तिथलं सेन्सस ब्युरो, म्हणजे सरकारी आकडेवारी गोळा करणारं खातं, दर महिन्याच्या मध्याला मागच्या महिन्याच्या किरकोळ विक्रीचा पहिला अंदाज देतं, आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे सहा, हिवाळ्यात सात वाजलेले असतात. आकडा जोरात आला तर बाजार म्हणतो की लोकांकडे पैसा आहे, मग महागाई लवकर उतरणार नाही, मग फेडरल रिझर्व्ह, म्हणजे तिथली मध्यवर्ती बँक, व्याजदर कमी करायची घाई करणार नाही, आणि डॉलरमध्ये चांगलं व्याज मिळतंय म्हटल्यावर पैसा डॉलरकडे वळतो. आपला बाजार तोवर बंद झालेला असतो म्हणून रुपयावरचा परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळी उघडताना दिसतो.

यात "अपेक्षेपेक्षा" हा शब्द सोडू नका हं. विक्री वाढूनही डॉलर पडू शकतो, कारण बाजाराने त्याहून जास्त वाढ आधीच धरलेली असते.

आणि हा आकडा वाचताना बऱ्याच बातम्या काय सांगत नाहीत तर त्यातून महागाई काढलेली नसते. सणासुदीचा परिणाम काढतात, महागाई नाही. पेट्रोल महागलं की पंपावरची विक्री डॉलरमध्ये वाढलेली दिसते, लिटर मात्र तेवढेच, कधी कमीसुद्धा. शिवाय त्यात वस्तू आणि हॉटेलमधलं खाणंपिणं एवढंच येतं, डॉक्टरची फी, घरभाडं, विमा, कॉलेजची फी यातलं काही नाही. म्हणून जाणकार मंडळी गाड्या, पेट्रोल, बांधकामाचं सामान आणि हॉटेलं वगळून उरलेला आकडा आधी बघतात, त्याला कंट्रोल ग्रुप म्हणतात.

टक्केवारीचं पण एक सांगते, कारण इथे खूप लोक फसतात. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे तिथली विक्री पहिल्या अंदाजानुसार ८.७ टक्के पडली, एप्रिलमध्ये १६.४ टक्के, आणि मे मध्ये १७.७ टक्के वर आली. मे चा आकडा वाचून वाटतं की चला, सगळं भरून निघालं. आता १०० धरून हिशोब करा, मार्चमध्ये ९१, एप्रिलमध्ये ७६, मे मध्ये ९०. म्हणजे एवढी मोठी उडी मारूनसुद्धा अजून दहा खालीच. पडताना टक्के मोठ्या आकड्यावर लागतात आणि चढताना लहान आकड्यावर, म्हणून टक्के ऐकले की मूळ आकडा कुठे होता ते आधी विचारायचं. शिवाय हे पहिले अंदाज नंतर सुधारले जातात, एका महिन्याच्या आकड्यावर एसआयपी थांबवायची किंवा वाढवायची असं अजिबात करू नका.

साताऱ्याहून एक वाचक: नमस्कार ताई. मी चारचाकीच्या एका शोरूममध्ये सेल्सला आहे. कंपन्यांच्या बातम्यांमध्ये कधी कधी गाड्यांची विक्री वाढली असं येतं आणि आमच्या यार्डात गाड्या उभ्याच असतात. आणि कधी एका महिन्यात ३० टक्के वाढ, पुढच्या महिन्यात घट. गिऱ्हाईक एवढं कसं बदलतं?

दादा, गिऱ्हाईक बदलत नाही, मोजण्याची जागा बदलते आणि पंचांगाची तारीख बदलते.

आधी जागेचं बघू. कंपन्या महिन्याच्या एक तारखेला जे आकडे देतात, किंवा सियाम ही वाहन उत्पादकांची संघटना जे देते, त्यात मुख्यतः कारखान्यातून डीलरकडे किती गाड्या गेल्या ते असतं. ती गाडी तुमच्या यार्डात येऊन उभी राहिली की कंपनीच्या वहीत विकली गेली. डीलरांची जी संघटना आहे फाडा, ती आरटीओच्या वाहन पोर्टलवरच्या नोंदणीवरून आकडे काढते, म्हणजे गाडी खरंच गिऱ्हाइकाच्या नावावर पासिंग झाली तेव्हाच धरते. रिटेल म्हणजे हे. दोन्हींत फरक पडत गेला की मधला सगळा माल डीलरच्या डोक्यावर, आणि त्याच्या खेळत्या भांडवलाचं व्याज डीलर भरतोय. सप्टेंबर २०२४ मध्ये फाडाने सांगितलं होतं की प्रवासी गाड्यांचा साठा ८० दिवसांच्या वर गेलाय, म्हणजे नवी गाडी आली नाही तरी तेवढे दिवस विक्री चालेल एवढा माल डीलरांकडे पडून. तेव्हा तुमच्या शोरूममध्ये काय वातावरण असेल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

आता पंचांग. २०२३ मध्ये पितृपक्ष १४ ऑक्टोबरपर्यंत होता, दसरा २४ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला. २०२४ मध्ये दसरा १२ ऑक्टोबरला आणि धनत्रयोदशी २९ ऑक्टोबरला, म्हणजे दोन्ही मुहूर्त एकाच महिन्यात. मग काय झालं, ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रवासी गाड्यांची रिटेल विक्री मागच्या ऑक्टोबरपेक्षा सुमारे ३२ टक्के जास्त आणि नोव्हेंबरमध्ये सुमारे १४ टक्के कमी. आधी तेजी आली आणि महिन्याभरात मंदी आली असं काहीही घडलेलं नाही, दिवाळी सरकली एवढंच. अशा वेळी ऑक्टोबर नोव्हेंबर एकत्र करून मागच्या वर्षीच्या दोन महिन्यांशी ताडून बघायचं. चीनमध्ये हेच करतात, त्यांचं नवीन वर्ष पण चांद्र पंचांगाने कधी जानेवारीत कधी फेब्रुवारीत येतं म्हणून तिथलं सरकार त्या दोन महिन्यांच्या किरकोळ विक्रीचा आकडा एकत्रच देतं. आपल्याकडे तर गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी सगळंच सरकतं, आणि तरी आपण निवांत महिन्याला महिना लावून मथळे छापतो, हे मला मनापासून खटकतं.

तिसरी गोष्ट, रुपयात मोजलं की नगात. २२ सप्टेंबर २०२५ ला घटस्थापनेच्या दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि छोट्या गाड्या १८ टक्क्यांवर आल्या. आधी समजा ८ लाखाला पडणाऱ्या १० गाड्या विकल्या तर ८० लाख. आता तीच गाडी ७ लाख ३० हजाराला, आणि ११ विकल्या तर ८० लाख ३० हजार. रुपयात बघणारा म्हणणार धंदा जिथल्या तिथे, नगात बघणारा म्हणणार १० टक्के वाढ, आणि दोघंही खोटं बोलत नाहीयेत. शिवाय कर कमी होणार असं १५ ऑगस्टलाच कळल्यामुळे मधले पाच आठवडे कित्येकांनी बुकिंग थांबवून ठेवलं, ते सगळं नवरात्रात एकदम आलं, त्यामुळे त्या दोन्ही बाजूंचे आकडे एकेकटे बघण्यात अर्थ नाही.

माझ्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. लगीनसराई संपली की ते वहीत रकमेच्या शेजारी साड्या किती नग, धोतरजोड्या किती, शर्टपीस किती हे स्वतंत्र लिहायचे. मी लहानपणी विचारलं होतं की पैसे तर लिहिलेच आहेत मग हे कशाला, तर म्हणाले गल्ला महागाईने पण फुगतो, नग फुगत नाहीत. ब्रिटनचं सांख्यिकी कार्यालय किरकोळ विक्रीचे दोन आकडे देतं, एक पैशांत आणि एक मालाच्या प्रमाणात. आमच्या दुकानातली वही तेच करत होती.

निफाडहून एक द्राक्ष बागायतदार: ताई, डॉलर ९० च्या वर गेला तेव्हा सगळे म्हणाले आता एक्स्पोर्टवाल्यांची चांदी. आमचा माल युरोपात जातो. आमचा व्यापारी एकदा म्हणाला की नुसता डॉलर बघू नका, रीअर बघा. ते रीअर काय असतं, आणि आम्हाला भाव वाढून मिळायला हवा का नको?

दादा, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला म्हणून जरा सविस्तर सांगते.

लासलगावला कांद्याचा लिलाव होतो तेव्हा एका व्यापाऱ्याने काय बोली लावली त्यावरून तुम्ही आजचा भाव सांगत नाही, सगळ्या बोल्या मिळून सरासरी काय निघाली ते सांगता. रुपयाचं मात्र आपण एकट्या डॉलरवरून ठरवतो. म्हणून रिझर्व्ह बँक दर महिन्याला एक निर्देशांक काढते, ज्या देशांशी आपला व्यापार आहे अशा ४० चलनांसमोर रुपया कुठे आहे ते त्यात बघतात, व्यापार जास्त तर वजन जास्त. २०१५-१६ साल १०० धरलंय. निर्देशांक चढला म्हणजे रुपया वधारला, उतरला म्हणजे घसरला. नुसत्या चलनांच्या भावावरून काढलेला तो नीअर, आणि त्यात आपली महागाई आणि त्यांची महागाई यातला फरक मिसळला की तो रीअर.

महागाई कशाला मिसळायची ते तुमच्या बागेवरून बघा. समजा सगळ्या चलनांसमोर मिळून रुपया ५ टक्के घसरला, १०० चा ९५ झाला. वाटलं आपला माल परदेशात ५ टक्के स्वस्त झाला. पण त्याच काळात आपल्याकडे मजुरी, औषधं, डिझेल, खोकी सगळं १० टक्के महागलं आणि तिकडे ३ टक्केच महागलं. आता ९५ ला १.१० ने गुणा आणि १.०३ ने भागा, साधारण १०१.५ येतात. म्हणजे रुपया पडूनसुद्धा आपला माल आधीपेक्षा महागच झाला! घसरणीचा सगळा फायदा घरच्या महागाईने खाल्ला. तुमचा व्यापारी जे सांगत होता ते हेच.

आता खरे आकडे. नोव्हेंबर २०२४ मध्ये रीअर १०८ च्या वर गेला होता, विक्रमी पातळी होती ती. त्या महिन्यात डॉलर ८४ च्या पुढे होता आणि पेपरात रुपयाचा नीचांक, रुपयाचा नीचांक असंच येत होतं. एकाच वेळी नीचांक पण आणि विक्रमी उंची पण, कसं काय? तर अमेरिकेतल्या निवडणुकीनंतर डॉलर सगळ्यांपुढेच चढला, युरो पडला, येन पडला, बाकीची चलनं पडली, रुपया मात्र रिझर्व्ह बँकेने डॉलर विकून बराचसा धरून ठेवला होता, आणि आपली महागाई त्या ऑक्टोबरात ६.२१ टक्के होती, भाजीपाला कडाडलेला. म्हणजे डॉलरपुढे रुपया कमजोर आणि बाकी जगापुढे महाग. एक्स्पोर्टवाल्यासाठी याहून वाईट जोडी नाही.

२०२५ मध्ये हे उलटं फिरलं. रुपया घसरत गेला, डिसेंबरात डॉलर ९० पार झाला, आणि दुसरीकडे आपली महागाई एवढी खाली आली की ऑक्टोबर २०२५ चा आकडा ०.२५ टक्के होता. दोन्ही गोष्टी रीअर खाली ढकलणाऱ्या, त्यामुळे वर्षाच्या शेवटाकडे तो १०० च्या खाली होता. म्हणून मी म्हणेन की २०२४ मधली रुपयाची घसरण तुमच्या कामाची नव्हती, २०२५ मधली होती.

तरी चांदीच चांदी असं मी म्हणणार नाही. तुमचा माल रॉटरडॅमला उतरतो तेव्हा शेजारी चिली, पेरू, दक्षिण आफ्रिकेची द्राक्षं असतात. दक्षिण आफ्रिकेचं रँड २०२५ मध्ये डॉलरपुढे वधारलं, हे तुमच्या पथ्यावर पडणारं, पण त्यांचा माल किती आणि कधी येतो यावर भाव जास्त ठरतो. जहाजभाडं डॉलरमध्ये असतं, आणि लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या शेवटापासून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली तेव्हा वेळ आणि खर्च दोन्ही कसे वाढले ते तुम्ही सोसलंच आहे. काही औषधं, त्यांचा कच्चा माल, खतं हे सगळं बाहेरून येतं, ते रुपया पडला की महागतं. आणि शेवटचं म्हणजे युरोतला जास्तीचा पैसा व्यापाऱ्यापाशी थांबतो का बागेपर्यंत येतो, हे कुठलाच निर्देशांक सांगत नाही. सौदा करताना त्या दिवशी युरो काय आहे ते मोबाईलवर बघून बसा, डॉलर नको, युरो. ब्रिटनला माल जात असेल तर पौंड. भाव रुपयात ठरवताय का युरोत हे आधी स्पष्ट बोलून घ्या, त्यावरच चढउताराचा फायदा आणि तोटा कोणाचा ते ठरणार.

नागपूरहून एक वाचक: ताई, मुलाला जर्मनीला एमएससाठी पाठवतोय. २०२५ मध्ये टीव्हीवर सारखं सांगत होते की डॉलर इंडेक्स पडतोय. मग रुपया वधारायला हवा होता ना? आमचं बजेट तर वाढतच गेलं.

काकू, डॉलर इंडेक्समध्ये रुपया नाहीच. तो १९७३ पासूनचा आहे आणि त्यात फक्त सहा चलनं आहेत, युरोच एकटा ५७.६ टक्के, मग येन, पौंड, कॅनडाचा डॉलर, स्वीडनचा क्रोना आणि स्विस फ्रँक. चीन नाही, मेक्सिको नाही, आपण नाही. म्हणजे डॉलर इंडेक्स पडला याचा अर्थ मुख्यतः युरो चढला असाच घ्यायचा. आणि २०२५ मध्ये युरो डॉलरपुढे चढला आणि रुपया डॉलरपुढे पडला, तुमच्यावर दोन्हीकडून आलं.

जर्मनीच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे ज्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, २०२४ च्या सप्टेंबरपासून ही रक्कम आहे. २०२५ च्या सुरुवातीला युरो ८९ च्या आसपास होता तेव्हा ते १० लाख ६० हजार होत होते, वर्ष संपताना १०५ च्या आसपास गेला तेव्हा तेच साडेबारा लाख. रक्कम एक युरोनेही वाढली नाही आणि घरून जवळपास १ लाख ९० हजार जास्त काढावे लागले. म्हणून डॉलर इंडेक्स बघणं सोडून द्या, युरो रुपया हा एकच भाव बघा, आणि सगळे पैसे एका दिवशी बदलण्यापेक्षा मुदत असेल तर दोन तीन टप्प्यांत बदला. भाव खाली येईल म्हणून शेवटच्या आठवड्यापर्यंत मात्र थांबू नका, व्हिसाची तारीख भावासाठी थांबत नाही.

लातूरहून एमकॉमची विद्यार्थिनी: मॅडम, प्रोजेक्टसाठी भारताच्या मासिक किरकोळ विक्रीचा सरकारी आकडा हवाय. दोन आठवडे शोधतेय, सापडत नाहीये. कुठे बघू?

तुला सापडत नाहीये कारण तो नाहीच. अमेरिका, ब्रिटन, युरोप, चीन, जपान सगळीकडे असा आकडा दर महिन्याला येतो, आपल्याकडे नाही. जीडीपीमध्ये घरांच्या खर्चाचा वाटा सुमारे ६० टक्के, आणि लोकांनी गेल्या महिन्यात काय घेतलं हे सरकारी आकड्यात कुठेच नाही! तिमाहीचा आकडा येतो तो तिमाही संपल्यावर दोन महिन्यांनी. घरोघरी जाऊन खर्चाची मोठी पाहणी होते पण २०११-१२ नंतर पुढचे निकाल आले ते थेट २०२२-२३ च्या पाहणीचे, मधली २०१७-१८ ची पाहणी सरकारने बाजूला ठेवली. एवढ्या मोठ्या देशाने स्वतःच्या बाजारपेठेकडे असं अंदाजाने बघत राहावं हे मला योग्य वाटत नाही, हे मी याआधीही लिहिलंय आणि परत लिहीन.

अवघड आहे हे खरं, कारण आपली बहुतेक विक्री छोट्या दुकानांतून होते आणि तिथे बिलच नसतं. म्हणून सगळे पर्यायी आकड्यांवर काम भागवतात आणि प्रत्येकात काहीतरी भानगड आहे. जीएसटीचं संकलन एका महिन्यात येतं ते मुख्यतः आधीच्या महिन्याच्या व्यवहारांचं, त्यात आयातीवरचा कर पण असतो, आणि वस्तू विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखाच्या आत असेल तर त्याला बहुतेक राज्यांत नोंदणीच लागत नाही, म्हणजे तुमच्या गंजगोलाईतले किती छोटे दुकानदार त्यातून सुटले बघ. यूपीआयच्या व्यवहारांची संख्या ऑगस्ट २०२५ मध्ये महिन्याला २००० कोटींच्या वर गेली, पण त्यात भावाने बहिणीला पाठवलेले पैसे पण आहेत, आणि दुकानात काल रोख देणारा आज स्कॅन करतो त्याने विक्री वाढत नाही, पैसे द्यायची पद्धत बदलते. वापरायचंच असेल तर व्यापाऱ्यांना दिलेले पैसे वेगळे दाखवतात तेवढेच घे. फाडाचे आकडे चांगले, पण फक्त वाहनांचे. रिझर्व्ह बँकेची ग्राहक विश्वास पाहणी आहे ती पण बघ, त्यात लोकांना काय वाटतं ते कळतं, काय घेतलं ते नाही.

मी तुझ्या जागी असते तर वेगळं केलं असतं. गंजगोलाईतली दहा दुकानं निवड, किराणा, कापड, भांडी, मोबाईल, एखादं सोनाराचं, चपलांचं. मालकांशी बोलून दर महिन्याला नग आणि रक्कम दोन्ही लिहून घे, नावं प्रोजेक्टमध्ये देणार नाही हे आधीच सांग म्हणजे ते मोकळेपणाने बोलतील. ती रक्कम महागाईच्या आकड्याने भागून बघ आणि नगांशी जुळते का ते तपास. सोयाबीन बाजारात आल्यावर विक्री किती उचलते ते तुला त्यात नक्की दिसेल, तुमच्याकडे दिवाळीइतकंच त्याला महत्त्व आहे. सहा महिन्यांचे आकडे झाले की मला पाठव, आणि ज्या दुकानदाराने मध्येच सांगायचं बंद केलं त्याचा रकाना रिकामाच ठेव, अंदाजाने भरू नकोस.